वेळ नाही, पण विहार आहे : कामाच्या रगाड्यात कराटे-लाठीचा सराव टिकवायचा कसा?

मार्च महिना संपत आला की आर्णी आणि आसपासच्या गावांत संध्याकाळी लाठ्यांचा आवाज सुरू होतो. भीमजयंतीच्या मिरवणुकीसाठी पोरं-पोरी विहारासमोर जमतात. कोणी लेझीम बसवतं, कोणी लाठी फिरवतं, कोणी कराटेची प्रात्यक्षिकं पक्की करतं. पंधरा-वीस दिवस सराव जोरात चालतो. १४ एप्रिलला टाळ्या पडतात, व्हिडिओ काढले जातात. १५ एप्रिलपासून त्या लाठ्या विहाराच्या कोपऱ्यात उभ्या राहतात, त्या थेट पुढच्या मार्चपर्यंत.

सराव का थांबला, असं विचारलं की उत्तर ठरलेलं असतं : "वेळच भेटत नाही." हे उत्तर खोटं नाही. आम्ही आर्णी तालुक्यात बचत गट, विहार समित्या आणि शाळकरी मुलींसोबत काम करतो. सकाळी डबा करून वावरात जाणारी बाई, एसटीने कॉलेजला येणारी मुलगी, दुकानात रात्री नऊपर्यंत उभा असलेला तरुण, यांच्यापैकी कोणाकडेही रोजचा दीड तास मोकळा नाही. पण सराव टिकवायला रोजचा दीड तास लागतो, ही समजूतच मुळात चुकीची आहे. वीस मिनिटं, जवळची जागा आणि सोबत असेल तर तो टिकू शकतो. हे कसं जमवायचं, ते या लेखात मांडत आहोत.

वेळ नेमका कोणाकडे नाही?

वेळ सगळ्यांना सारखाच मिळतो, असं म्हणायची पद्धत आहे. आकडे वेगळं सांगतात. केंद्र सरकारच्या सांख्यिकी कार्यालयाने २०१९ मध्ये देशभर वेळ-वापर सर्वेक्षण केलं. घरातली बिनपगारी कामं करणाऱ्या बाईचे त्या कामांत दिवसाला सरासरी २९९ मिनिटं जातात, असं त्यात दिसलं. घरकाम करणाऱ्या पुरुषाची सरासरी आहे ९७ मिनिटं. शिवाय सहा वर्षांवरच्या शंभर स्त्रियांपैकी सुमारे ८१ जणी हे काम करत होत्या, तर शंभर पुरुषांपैकी केवळ २६ जण.

म्हणजे बाईचे रोजचे पाच तास स्वयंपाक, धुणी-भांडी, पाणी आणि झाडलोट यांत जातात, आणि मजुरी त्याच्या वर. गावातल्या सरावातून सर्वांत आधी गळतात त्या मुली आणि बायाच. सातवी-आठवीतली मुलगी हौसेने येते. दहावीनंतर कॉलेज लांब पडतं, बस उशिरा सुटते, घरी आल्यावर पोळ्या तिच्या वाट्याला येतात. तिचा भाऊ मात्र पोलीस भरतीसाठी पहाटे रस्त्यावर धावायला जातो, आणि त्याच्या त्या वेळेला घरात कोणी हरकत घेत नाही.

म्हणून नियोजन घड्याळापासून सुरू करून चालत नाही, ते घरातल्या कामाच्या वाटणीपासून सुरू करावं लागतं. संध्याकाळची वीस मिनिटं मुलीला द्यायची असतील तर ती वीस मिनिटं कणीक कोण मळणार, हे आधी ठरलं पाहिजे. ज्या घरात हे ठरतं, तिथली मुलगी सरावाला टिकते. जिथे ठरत नाही, तिथे कितीही चांगला प्रशिक्षक आणला तरी ती महिनाभरात थांबते.

थोडा थोडा सराव जास्त उपयोगी का?

रविवारी एकदम तीन तास केले की आठवड्याचं भागलं, असं अनेकांना वाटतं. हाताला नवं काम शिकवताना हा हिशेब चालत नाही. याचा एक प्रसिद्ध अभ्यास ब्रिटनमधल्या टपाल कर्मचाऱ्यांवर झाला आणि १९७८ मध्ये प्रसिद्ध झाला. कर्मचाऱ्यांना टंकलेखन शिकवायचं होतं. एका गटाला रोज एकच तास दिला, दुसऱ्या एका गटाला दोन-दोन तासांची दोन सत्रं. रोज एकच तास बसणारे एकूण कमी तासांत शिकले. गंमत म्हणजे आपल्या प्रशिक्षणावर सर्वांत नाराजही तेच होते, कारण दिवसांच्या हिशेबात त्यांना आपली प्रगती हळू वाटत होती. थोडा थोडा सराव करणाऱ्याला आपण मागे पडलो असं वाटतंच. तेवढ्यावरून सोडून देऊ नये.

कराटे शिकणाऱ्या मुलांना गिचिन फुनाकोशी हे नाव माहीत असतं. ओकिनावा बेटावरची ही विद्या त्यांनी १९२२ मध्ये टोकियोत दाखवली आणि तिथून ती जगभर पसरली. फुनाकोशी पेशाने प्राथमिक शिक्षक होते. दिवसभर शाळा आणि रात्री चालत जाऊन गुरूच्या अंगणात सराव, असा त्यांचा क्रम अनेक वर्षं होता. गुरू त्यांच्याकडून एकच काता महिनोन्महिने करून घेत. काता म्हणजे ठरलेल्या क्रमाने केलेल्या बचाव आणि प्रहारांची साखळी. नोकरी करणाऱ्या माणसासाठी यात एक सोपी सूचना आहे : वर्षभरात दहा प्रकार धरण्यापेक्षा एक-दोनच धरा आणि ते अंगात मुरू द्या.

जास्त करणाऱ्यांसाठी धम्मातलं उदाहरण आहे सोण कोळिविसाचं. सुखवस्तू घरातला हा तरुण भिक्खू झाला आणि इतक्या कठोरपणे चंक्रमण करू लागला की तळपाय फुटून वाटेवर रक्त सांडलं. तरी फळ मिळेना, म्हणून तो घरी परतायच्या विचारात होता. भगवंतांनी त्याला वीणेबद्दल विचारलं. तार फार ताणली तर वाजत नाही, फार सैल सोडली तरी वाजत नाही. उद्योगही तसाच मधल्या मापाचा असावा. पहिल्याच आठवड्यात शंभर-शंभर जोर काढून पुढचे पंधरा दिवस अंग धरून बसणाऱ्या पोरांना आम्ही हीच गोष्ट सांगतो.

शरीराची काळजी हा धम्मात दुय्यम विषय नाही. अंगुत्तर निकायात चंक्रमणाचे पाच लाभ सांगितले आहेत. प्रवास सोसतो, मेहनत सोसते, आजार कमी होतात, खाल्लेलं पचतं आणि त्यातून मिळालेली समाधी जास्त टिकते. ध्यानाला बसणाऱ्या माणसालाही अंग हलवायला सांगितलं आहे.

जागा कुठून आणायची?

चांगला क्लास यवतमाळला, म्हणजे आर्णीपासून चाळीसेक किलोमीटर. जाऊन-येऊन अडीच-तीन तास आणि तिकिटाचे पैसे. खेड्यातल्या मुलीसाठी तर आर्णीचा क्लासही लांबच. "वेळ नाही" या उत्तरात पुष्कळदा "जागा जवळ नाही" हेच दडलेलं असतं. सराव वीस मिनिटांचा आणि प्रवास दोन तासांचा असेल तर तो कोणाचाही टिकणार नाही.

इथे जपानचं एक उदाहरण आपल्या विशेष कामाचं आहे. ज्युदो हा आज ऑलिम्पिकमधला खेळ आहे. त्याची सुरुवात १८८२ मध्ये टोकियोतल्या एइशो-जी नावाच्या बौद्ध विहारात झाली. जिगोरो कानो हा विशी ओलांडलेला शिक्षक तिथे राहत होता. विहारातली बारा चटयांची जागा त्याने सरावासाठी वापरली. तिथली एक चटई साधारण सहा फूट बाय तीन फुटांची असते. म्हणजे जागा झाली सुमारे २१६ चौरस फूट. विद्यार्थी सुरुवातीला मोजकेच होते. कोदोकान ही जगप्रसिद्ध संस्था एवढ्याशा जागेत उभी राहिली.

आपल्या बहुतेक गावांतल्या विहाराचा सभामंडप याहून मोठा आहे. तिथे दिवा आहे, फरशी किंवा कोबा आहे, समोर अंगण आहे, आणि तिथपर्यंत पोहोचायला चालत पाच मिनिटं लागतात. मुलीला विहारात पाठवायला आई-वडील का-कू करत नाहीत. आणि हा विहार दिवसाचे बावीस-तेवीस तास रिकामा असतो.

वर्षावासाचे तीन महिने

आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत गावोगावच्या विहारांत वर्षावास चालतो. संध्याकाळी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचं वाचन होतं. वाचायला आणि ऐकायला येणाऱ्यांत बायांची संख्या जास्त असते. दिवसभर निंदण करून, घरचा स्वयंपाक आटोपून त्या येतात. म्हणजे गावातल्या सर्वांत कमी वेळ असलेल्या माणसांनी या कामासाठी वेळ काढलेला आहेच. घरच्यांनीही तो मान्य केलेला आहे. नव्या वेळेसाठी नव्याने भांडण्यापेक्षा याच वेळेला सराव जोडावा, असं आमचं म्हणणं आहे.

वाचनाच्या आधीची वीस मिनिटं, आठवड्यातले पाच दिवस. तीन महिन्यांचे तेरा आठवडे धरले तर ६५ वेळा सराव होतो. मिनिटं भरतात १,३००, म्हणजे साडेएकवीस तासांपेक्षा थोडे जास्त. जयंतीआधीच्या पंधरा दिवसांत रोज तासभर घाम गाळला तरी पंधराच तास होतात, आणि तेही पुढे विसरले जातात.

तीन महिन्यांचा हा काळ शाळेच्या योजनेशीही जुळतो. समग्र शिक्षा अभियानात सरकारी शाळांतल्या सहावी ते बारावीच्या मुलींसाठी 'राणी लक्ष्मीबाई आत्मरक्षा प्रशिक्षण' आहे, आणि तेही तीन महिन्यांचंच. शाळेत शिकून आलेली मुलगी घरी आली की तिचा सराव बंद पडतो, कारण घरी जोडीदार नसतो. विहारात ती जोडीदार मिळवेल, शिवाय आपल्या आईला आणि काकूला दोन गोष्टी शिकवेल. विहार समितीने शाळेच्या मुख्याध्यापकांना भेटून या योजनेची चौकशी जरूर करावी.

वीस मिनिटांत काय काय?

पहिली चार मिनिटं अंग मोकळं करण्यासाठी. मान, खांदे, मनगट, कंबर, गुडघे, घोटे या क्रमाने सावकाश फिरवावेत. दिवसभर वाकून काम करणाऱ्यांनी कंबर मागे झुकवण्याला आणि मांड्यांचा पुढचा भाग ताणण्याला जास्त वेळ द्यावा. वेचणी-निंदणीत शरीर पुढे वाकतं, म्हणून सरावात त्याला उलट दिशा द्यायची.

पुढची आठ मिनिटं उभं राहणं आणि हात-पाय चालवणं. पाय फाकवून गुडघ्यात वाकून उभं राहणं, तोल न जाऊ देता पुढे-मागे सरकणं, हाताने अडवणं, तळहाताने ढकलणं. लाठीवाल्यांनी एकाच पद्धतीचा फिराव दोन्ही हातांनी करावा. लाठी बांबूची, गाठी घासलेली, साधारण कानाच्या उंचीची असावी. नवख्यांमध्ये किमान दोन लाठ्यांचं अंतर ठेवावं.

त्यानंतरची पाच मिनिटं जोडीने. मनगट पकडलं तर कसं सोडवायचं, हे सगळ्यांना जमण्यासारखं आहे. पकडणाऱ्याच्या मुठीत जिथे अंगठा आणि बोटं भेटतात तिथे पकड सर्वांत कच्ची असते, म्हणून हात त्या दिशेने झटकायचा. यात ताकदीपेक्षा दिशा महत्त्वाची असते. मागून धरलं तर खाली बसून वजन टाकणं, पडताना हनुवटी छातीशी ठेवून डोकं वाचवणं, आणि मोठ्याने "सोड!" असं ओरडणं. आवाजाचा सराव खूप जणींना सर्वांत अवघड जातो. लहानपणापासून हळू बोलायची सवय लावलेल्या मुलीचा घसा पहिले काही दिवस उघडतच नाही. तोही रोजच्या सरावाचाच भाग धरावा.

शेवटची तीन मिनिटं शांत बसून आनापान. श्वास येतो-जातो तिकडे लक्ष. धडधड खाली येते आणि लगेच वाचनाला बसता येतं.

आठवड्यातून एकदा शिकलेला प्रशिक्षक यावा आणि चुका दुरुस्त कराव्यात. बाकीचे चार दिवस गटातल्याच दोघींनी चालवावेत. डोक्यावर आणि चेहऱ्यावर मार नको. ज्यांना हृदयविकार, रक्तदाब, गुडघे-मणक्याचा त्रास आहे, ज्या गरोदर आहेत किंवा नुकत्या बाळंत झाल्या आहेत, त्यांनी डॉक्टरांना विचारूनच यावं. पाळीच्या दिवसांत यायचं की नाही, हे ज्या त्या बाईने आपल्या अंगावरून ठरवावं. त्यात विटाळाचा प्रश्न आपल्या घरात तरी उरू नये.

ज्याचा त्याचा दिवस वेगळा

शेतमजूर बाईला डब्ल्यूएचओच्या शिफारशी दाखवल्या तर ती हसेल. प्रौढांनी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम श्रम करावेत, असं त्या संघटनेने २०२० मध्ये सांगितलं. त्यात कामातले श्रमही धरले जातात, आणि हिचे श्रम दोन दिवसांतच तेवढे होतात. तिला सराव हवा तो आखडलेली पाठ सोडवण्यासाठी आणि बचावाचं कसब येण्यासाठी. थकलेल्या दिवशी तिने चार मिनिटं अंग मोकळं करून पाच मिनिटं जोडीचा सराव केला तरी पुरे.

दुकानात किंवा कार्यालयात बसून काम करणाऱ्याला मात्र श्रमच कमी पडतात. विहारातली आठवड्याची १०० मिनिटं आणि रोज दहा मिनिटं झपाझप चालणं, एवढ्याने तो किमान पातळी ओलांडतो. त्याच शिफारशींनी सलग दहा मिनिटांची जुनी अट काढून टाकली आहे. म्हणजे दुकानाचं शटर उघडण्यापूर्वीची पाच मिनिटंही धरली जातात.

एसटीने जाणाऱ्या कॉलेजच्या मुलीला संध्याकाळ सापडत नाही. तिने सकाळी अंघोळीआधी दहा मिनिटं एकच काता पाच वेळा करावा आणि शनिवार-रविवार विहारात जोडीचा सराव करावा. नवी सवय जुन्या सवयीला बांधली की आठवण ठेवावी लागत नाही. अंघोळ, वंदना, दिवाबत्ती यांच्या वेळा घरात ठरलेल्या असतात. त्यांच्या आधी किंवा नंतर सराव लावावा.

शिक्षक, आशाताई, अंगणवाडी सेविका यांचा दिवस सर्वेक्षणांत आणि बैठकांत कसाही मोडतो. त्यांनी रोजची वेळ न ठरवता आठवड्याचे चार दिवस ठरवावेत. एक हुकला तर दुसरा धरायचा. सलग दोन आठवडे मात्र हुकू द्यायचे नाहीत.

वावराचं वेळापत्रक

आपल्या भागात कॅलेंडर पिकावर चालतं. जूनमध्ये पेरणी, जुलै-ऑगस्टमध्ये निंदण-डवरणी, पुढे फवारणी, ऑक्टोबरात सोयाबीनची सवंगणी, दिवाळीपासून कापूस वेचणी, मग तूर-हरभरा आणि परीक्षा. सवंगणीच्या पंधरवड्यात माणसं अंधार पडल्यावरच घरी येतात. तेव्हा वीस मिनिटांचा हट्ट धरू नये. दहा मिनिटं करावीत, पण दिवस मोडू देऊ नये. खरा सराव वाढवायचा तो डिसेंबर ते फेब्रुवारीच्या थंडीत. एप्रिल-मेमध्ये पारा बेचाळीसच्या वर जातो, तेव्हा पहाटेच, आणि पाणी सोबत ठेवून.

फवारणीच्या दिवशी सराव अजिबात नको. २०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने किती घरं उद्ध्वस्त झाली, हे आपण विसरलेलो नाही. फवारणी करून आलेल्याने साबणाने अंघोळ करावी, कपडे वेगळे धुवावेत आणि विश्रांती घ्यावी. मळमळ, डोकेदुखी, डोळ्यांची आग, दम लागणं असं काही वाटलं तर सरळ दवाखाना गाठावा. हा थकवा आहे, व्यायामाने जाईल, असं समजणं जिवावर बेतू शकतं.

ही विद्या आपली आहे का?

समाजमाध्यमांवर एक संदेश फिरत असतो, की बोधिधर्म भिक्खूंनी चीनमध्ये जाऊन कुंग-फू शोधली, म्हणून सगळ्या युद्धकला बौद्धांच्या. अभ्यासक ही दंतकथा मानतात. बोधिधर्मांच्या नावावर खपवलेला व्यायामाचा ग्रंथ त्यांच्यानंतर हजारेक वर्षांनी, सतराव्या शतकात, लिहिला गेलेला आहे. शाओलिनच्या भिक्खूंनी युद्धकला जोपासली हा इतिहास खरा आहे, पण तेवढाच सांगावा. बाबासाहेबांनी आपल्याला पुरावा तपासायला शिकवलं, तिथे दंतकथेचा आधार कशाला?

आपल्या जवळचा इतिहास पुरेसा भक्कम आहे. पुण्यात लहुजी वस्ताद साळवे यांची तालीम होती. मातंग समाजातल्या या वस्तादांकडे जोतीराव फुले दांडपट्टा आणि मर्दानी खेळ शिकले. १८४८ मध्ये जोतीराव-सावित्रीबाईंनी मुलींची शाळा काढली तेव्हा लहुजी त्यांच्या पाठीशी उभे राहिले. त्यांच्याच घराण्यातली मुक्ता साळवे त्या शिक्षणातून घडली आणि १८५५ मध्ये 'ज्ञानोदय'मध्ये तिचा निबंध छापून आला. तालीम आणि शाळा इथे हातात हात घालून चालल्या.

बाबासाहेबांच्या चळवळीत समता सैनिक दलाने शिस्त आणि संरक्षण दोन्ही सांभाळलं. २० जुलै १९४२ रोजी नागपुरात दलाची परिषद झाली. त्याच दिवशी तिथे सुलोचनाबाई डोंगरे यांच्या अध्यक्षतेखाली महिला परिषदही भरली होती. १४ ऑक्टोबर १९५६ च्या धम्मदीक्षेला लाखोंचा जनसागर लोटला, तेव्हा व्यवस्थेला हेच सैनिक होते. रोजची कवायत असल्याशिवाय अशी शिस्त एका दिवसात येत नाही.

पंचशील आणि प्रहार

पाणातिपाता वेरमणी म्हणणाऱ्याने ठोसा मारायला शिकावं का? हा प्रश्न विहारात हमखास येतो, आणि तो टाळू नये. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' मध्ये बाबासाहेबांनी अहिंसेची चर्चा करताना तत्त्व आणि नियम यांत फरक केला आहे. नियम माणसाला बांधून टाकतो, तत्त्व त्याला विवेकाने वागायला मोकळीक देतं. मारण्याची इच्छा आणि नाइलाजाने करावा लागलेला प्रतिकार या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. सरावातही हाच विवेक शिकवायचा. पकड सुटली की मारत बसायचं नाही, तिथून निघायचं आणि मदत मागायची.

कायदाही जवळपास हेच सांगतो. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३४ ते ४४ मध्ये स्वसंरक्षणाचा हक्क दिला आहे, पण बचावाला लागेल त्यापेक्षा जास्त इजा करण्याची मुभा त्यात नाही.

या विद्येची मर्यादाही स्पष्ट सांगितली पाहिजे. खैरलांजीत २९ सप्टेंबर २००६ ला जे घडलं, ते कुठल्याही कराटेने थांबलं नसतं. जमावापुढे एकट्याचे हात पुरत नाहीत. जातीय अत्याचाराविरुद्ध १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा, वेळेवर नोंदवलेली तक्रार, साक्षीदार आणि उभा राहणारा समाज हेच लागतं. तसंच मुलीवर अत्याचार झाला तर "तू प्रतिकार का केला नाहीस" हा प्रश्न कोणी विचारू नये. दोष नेहमी करणाऱ्याचाच असतो. सरावाने मुलीची चाल बदलते, आवाज फुटतो, धोका लवकर ओळखता येतो आणि अडचणीत धावून येणाऱ्या दहा मैत्रिणी मिळतात. आमच्या मते एवढा लाभही मोठा आहे.

११२ हा पोलीस मदतीचा, १८१ महिलांचा आणि १०९८ बालकांचा क्रमांक विहाराच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहावा. सरावाच्या शेवटी तो एकदा सगळ्यांनी म्हणावा.

विहार समितीने एवढं करावं

पहिलं, आषाढ पौर्णिमेच्या आधी बैठक घेऊन वेळ ठरवावी, आणि ती बायांना विचारून ठरवावी. दुसरं, प्रशिक्षक नेमताना त्याचं प्रमाणपत्र आणि आधीचं काम तपासावं. बेल्टच्या परीक्षांचं शुल्क किती आणि कशाचं, हे आधीच विचारून घ्यावं. दर दोन महिन्यांनी पैसे घेऊन रंग बदलणाऱ्या क्लासपासून जपावं. अमरावतीचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ पासून शारीरिक शिक्षणाचं काम करतं. तिथून शिकून आलेले क्रीडाशिक्षक विदर्भात ठिकठिकाणी आहेत, त्यांचा सल्ला घ्यावा. तिसरं, मुलींच्या सरावाला गटातली एखादी मोठी बाई कायम हजर असावी आणि पालकांची लेखी संमती असावी. प्रशिक्षक कितीही ओळखीचा असला तरी हा नियम सोडू नये. चौथं, हजेरीची वही ठेवावी. कोण आलं यापेक्षा कोण यायचं थांबलं, ते त्या वहीतून कळतं. सलग चार दिवस न आलेल्या मुलीच्या घरी दोघींनी जाऊन यावं. पुष्कळदा कारण आळसाचं नसतं. लहान भावाला सांभाळायचं असतं, आई आजारी असते, नाहीतर लग्नाची बोलणी सुरू झालेली असतात. कोवळ्या वयातल्या लग्नाची कुणकुणही अशाच भेटीत लागते, आणि वेळेवर लागली तर ते थांबवता येतं.

पाचवी गोष्ट पुरुषांसाठी. वर्षावासाच्या काळात घरातली बाई, बहीण किंवा मुलगी सरावाला गेली की तेवढी वीस मिनिटं चुलीपाशी बसा. भात लावा, भांडी घासा, लेकराला घ्या. सर्वेक्षणातल्या २९९ आणि ९७ या आकड्यांत २०२ मिनिटांचं अंतर आहे. त्यातली वीस मिनिटं कमी करणं प्रत्येक घराला आजपासून जमण्यासारखं आहे, आणि त्याला ना प्रशिक्षक लागतो, ना फी.

जय भीम, नमो बुद्धाय.